शब्दाची जात कामावरून ओळखा

नागपुरात ऑटोवाल्याला ‘महाल’ म्हटलं, की तो राजवाडा शोधत बसत नाही. सरळ भोसल्यांच्या जुन्या वस्तीकडे ऑटो वळवतो. व्याकरणाच्या पुस्तकात मात्र ‘महाल’ सामान्यनामांच्या रांगेत सापडतो. पुस्तकही बरोबर आणि ऑटोवालाही. शाळेत शब्दांच्या आठ जाती पाठ होतात, त्यांच्यासोबत काही गैरसमजही पाठ होतात.

गैरसमज : प्रत्येक शब्दाची जात कायमची ठरलेली असते.
वस्तुस्थिती : ती वाक्यातल्या कामावरून ठरते. ‘राजानं महाल बांधला’ यात सामान्यनाम. ‘आमची आत्या महालात राहते’ यात विशेषनाम, आत्या काही राणी नव्हे! ‘सावजी रस्सा’ म्हणताना ‘सावजी’ विशेषण, ‘आज सावजी खाऊ’ म्हणताना नाम. इंग्रजीत विशेषनाम मोठ्या लिपीतल्या पहिल्या अक्षरावरून कळतं. देवनागरीत ती सोय नाही, म्हणून वाक्यच नीट वाचावं लागतं.

गैरसमज : विशेषनाम म्हणजेच विशेषण.
वस्तुस्थिती : विशेषनाम एका व्यक्तीची, गावाची, नदीची ओळख असते, विशेषण नामाबद्दल जास्त माहिती देतं. ‘शहर’ सामान्यनाम, ‘नागपूर’ विशेषनाम आणि ‘नागपुरी संत्रा’मधलं ‘नागपुरी’ विशेषण.

गैरसमज : विशेषनामाचं रूप बदलत नाही.
वस्तुस्थिती : विशेषनामही नामच, म्हणजे विकारी शब्द. गावाच्या नावातलं ‘पूर’ दीर्घ लिहितात. ‘नागपूरला’, ‘नागपूरचा’ यांत ते तसंच राहतं. ‘नागपुरात’ लिहिताना सामान्यरूप होतं आणि ‘पु’ ऱ्हस्व होतो.

गैरसमज : नामाचं लिंग वस्तूवरून कळतं.
वस्तुस्थिती : निर्जीव वस्तूंच्या बाबतीत सगळा कारभार रूढीचा. पुस्तकी मराठीत ‘ते संत्रे’, नागपूरकरांच्या तोंडी ‘तो संत्रा’. फळ तेच, गोडीही तीच.

‘दीक्षा’ आणि ‘भूमी’ ही एरवी कुठेही वापरता येणारी दोन नामं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि या दोन नामांचं मिळून एका जागेचं विशेषनाम झालं. दीक्षाभूमीवर जाऊन आलेल्याला, शब्दाची जात जन्मावरून ठरत नाही, हे वेगळं शिकवावं लागू नये.