डोळ्यांतला झेंडू

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दसऱ्याच्या सकाळी आई दाराला झेंडूचे तोरण बांधीत होती. स्टुलावरूनच तिने मला हाक मारली, "अरे, ही चौकट वाकली बघ!" चिंचपोकळीची आमची चाळ शंभरीला टेकलेली, तिची चौकट वाकली तर नवल ते काय? तरी मी गवंड्याला बोलावले. त्याने ओळंबा सोडला, एक डोळा मिटून पाहिले आणि म्हणाला, "मास्तर, चौकट सुतात आहे." आम्ही सगळे हसलो. आईही हसली.

ते हसणे आम्हांस महागात पडले. आई पुन्हा त्या विषयावर बोललीच नाही. सहा महिन्यांनी वर्तमानपत्राच्या ओळीतले मधले शब्द तिला दिसेनासे झाले, तेव्हा कुठे आम्ही नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. चौकट सरळच होती. बिघडला होता तो आईचा पीतबिंदू. ह्या विकाराच्या एका प्रकारात तेथे नको त्या रक्तवाहिन्या फुटतात. त्यांना आवर घालणारी इंजेक्शने आता मिळतात. पण जितक्या लवकर ती द्यावीत तितकी दृष्टी अधिक वाचते. आम्ही सहा महिने हसण्यावारी घालवले होते.

हा पीतबिंदू म्हणजे काय? डोळ्याच्या मागच्या भिंतीवर दृष्टिपटल असते. त्याच्या ऐन मध्यावर एक पिवळसर ठिपका आहे. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सारी बारीक कामे हाच ठिपका करतो. त्याचा पिवळेपणा वनस्पतींतल्या रंगद्रव्याचा आहे, हे जॉर्ज वाल्ड ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1945 साली दाखविले. त्यातील दोन मुख्य द्रव्यांची नावे ल्युटीन आणि झियाझँथिन. पहिले नाव 'पिवळा' ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले, तर दुसऱ्यात मक्याचे शास्त्रीय नाव दडले आहे. मौज अशी, की औषधाच्या गोळ्यांसाठी ल्युटीन काढतात ते मुख्यतः झेंडूच्या पाकळ्यांतून! आई तोरणात ओवीत होती तोच रंग तिच्या डोळ्यांतही होता.

ह्या रंगाचे काम राखणदाराचे. निळा प्रकाश हा दृश्य प्रकाशातला अधिक दाहक भाग. उन्हाळ्यात आपण खिडकीला वाळ्याचा पडदा लावतो, तसा हा पिवळा पडदा निळा प्रकाश अडवतो. शिवाय प्रकाशामुळे पेशींत जी हानिकारक द्रव्ये तयार होतात, त्यांनाही तो निष्प्रभ करतो.

आईचा विकार घराण्यात उतरू शकतो, म्हणून मीही तपासणीला गेलो. माझे डोळे निरोगी निघाले. "मग तुमच्या पडद्याची जाडी मोजू या," डॉक्टर म्हणाले. जिवंत डोळ्यातला रंग मोजायचा कसा, असे तुम्ही विचाराल. युक्ती मोठी सुबक आहे. यंत्रात एक लहानसा ठिपका दिसतो. त्यात निळा आणि हिरवा प्रकाश झपाट्याने आलटूनपालटून येतात. दोहोंचा उजेड सारखा नसेल तर ठिपका लुकलुकतो. निळा प्रकाश कमीजास्त करीत ती लुकलुक थांबवायची. आधी ठिपक्याकडे सरळ पाहून, मग नजर बाजूला ठेवून. मध्यावर पिवळा पडदा निळा प्रकाश गिळतो, म्हणून तेथे निळा जास्त लागतो. कडेला पडदा जवळजवळ नसतो, तेथे कमी पुरतो. ह्या दोहोंच्या गुणोत्तराचा लॉगॅरिथम काढला की झाले माप. दुप्पट निळा लागला तर माप 0.3, म्हणजे निम्मा निळा प्रकाश पडद्याने अडवला. माझे माप 0.4 आले. म्हणजे शंभरातला साठ भाग निळा प्रकाश माझ्या पीतबिंदूवर अडतो.

दुसरीही एक रीत आहे, आणि ती ऐकून माझी छाती उगीच फुगली. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1928 साली जो परिणाम शोधला आणि ज्यासाठी त्यांना 1930 चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच्याच आधारे, सौम्य लेसर किरण डोळ्यात सोडून परतणाऱ्या प्रकाशावरूनही हे रंगद्रव्य मोजता येते. खुद्द रामन यांनी उतारवयात दृष्टीवरच संशोधन केले. त्यावरचा त्यांचा ग्रंथ 1968 साली प्रसिद्ध झाला.

"मग 0.4 म्हणजे मी वाचलो?" मी विचारले. डॉक्टर हसले नाहीत. "हे भविष्य नव्हे," ते म्हणाले. "माणसामाणसांत हे माप पुष्कळ बदलते. माप कमी म्हणजे आजार येणारच असे नाही, आणि जास्त म्हणजे अभयही नाही." गोळ्यांचेही तेच. अमेरिकेत चार हजारांवर लोकांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष 2013 साली बाहेर आले. विकार मध्यम अवस्थेला पोचलेल्यांना जे जीवनसत्त्वे व जस्त यांचे मिश्रण देतात, त्यात बीटा-कॅरोटीनऐवजी ल्युटीन घालणे अधिक सुरक्षित ठरले. पण निरोगी माणसाने गोळ्या घेतल्याने विकार टळतो, असे सिद्ध झालेले नाही.

मग आपल्या हाती काय? हे द्रव्य शरीर स्वतः बनवीत नाही. ते अन्नातूनच येते. पालक, मेथी, शेवग्याचा पाला, मका, अंड्याचा बलक ही त्याची कोठारे. ते तेलातुपाबरोबर अंगी लागते, म्हणजे आपल्या फोडणीला शास्त्राचा आधार आहे! आणि विडीसिगारेट सोडावी. ह्या विकाराचे आपल्या हातातले सर्वांत मोठे कारण तेच.

घरी आलो तेव्हा आई बोटांनी चाचपून मेथी निवडीत होती. कडेचे तिला दिसते. मधले दिसत नाही.

"किती मार्क मिळाले?" तिने विचारले.

"पॉइंट चार."

"एवढेच? मास्तर असून नापास?"

आता दर रविवारी आमच्या घरात एक नेम आहे. प्रत्येकाने एकेक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे पाहायचे. गज वाकडे दिसले, तर गवंड्याला बोलवायचे नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे. यंदाही दसऱ्याला तोरण आईनेच बांधले, हाताने चौकट चाचपीत. "सरळ आहे ना रे?" तिने विचारले. मी आधी डावा डोळा झाकून पाहिले, मग उजवा, आणि मगच म्हणालो, "हो, सरळ आहे."