नव्या फ्लूची लस आणि मुले : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एखादा नवा फ्लू पसरू लागला की पालकांपुढे एकाच वेळी दोन अनोळखी गोष्टी येतात, एक नवा विषाणू आणि त्याच्याविरुद्धची नवी लस. आजार आपल्या मुलाला होईलच असे नसते, लस मात्र आपण होऊन त्याच्या दंडात टोचून घ्यायची असते. त्यामुळे लसीच्या धोक्याची जबाबदारी पालकांना स्वतःची वाटते आणि आजाराचा धोका नशिबाच्या खात्यात जमा होतो. वास्तविक लस न देणे हाही एक निर्णयच असून त्याचेही परिणाम मुलालाच भोगावे लागतात. म्हणून दोन्ही बाजूंचे धोके एकाच मापाने मोजले पाहिजेत. ते कसे मोजावेत हे समजून घेण्यासाठी २००९ सालच्या एच१एन१ साथीचे, म्हणजेच लोकांच्या तोंडी रुळलेल्या 'स्वाइन फ्लू'चे, उदाहरण सर्वांत उपयुक्त आहे, कारण त्या साथीत पालकांनी विचारलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आज पुराव्यानिशी देता येते.

साथीची पार्श्वभूमी

इन्फ्लुएन्झाच्या विषाणूची जनुके आठ सुट्या तुकड्यांत विभागलेली असतात आणि एकाच प्राण्याच्या शरीरात दोन वेगळे विषाणू शिरले, तर या तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच विषाणू तयार होऊ शकतो. या प्रक्रियेला जनुकीय पुनर्मिश्रण म्हणतात. डुकरांमधील विषाणूंच्या अशाच पुनर्मिश्रणातून निर्माण झालेला एच१एन१चा नवा प्रकार एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको आणि कॅलिफोर्निया येथे आढळला आणि ११ जून २००९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक साथ जाहीर केली. भारतातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला, तोही एका शाळकरी मुलीचा. त्यानंतर काही दिवसांतच शहरातील शाळा आणि चित्रपटगृहे बंद झाली आणि नायडू सांसर्गिक रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या. भारतात २००९ मध्ये २७,२३६ रुग्णांची आणि ९८१ मृत्यूंची, तर २०१० मध्ये २०,६०४ रुग्णांची आणि १,७६३ मृत्यूंची अधिकृत नोंद झाली. म्हणजे पहिल्या वर्षाची धास्ती ओसरल्यावर आलेल्या दुसऱ्या वर्षात मृत्यूंची संख्या अधिक होती.

गैरसमज : फ्लू म्हणजे सर्दी-तापच, आणि तो म्हाताऱ्यांना धोकादायक असतो

दरवर्षीच्या, म्हणजे हंगामी, फ्लूने होणारे मृत्यू बहुतांशी वृद्धांचे असतात हे खरे आहे. परंतु २००९ च्या साथीत हे चित्र उलटले होते. पहिल्या वर्षातील जगभरच्या मृत्यूंचा अंदाज सुमारे दीड लाख ते पावणेसहा लाख इतका असून, त्यांपैकी सुमारे ८० टक्के मृत्यू ६५ वर्षांखालील व्यक्तींचे होते. याचे कारण प्रतिपिंडांत, म्हणजे विषाणूला ओळखून त्याला निष्प्रभ करणाऱ्या रक्तातील प्रथिनांत, दडलेले आहे. १९१८ च्या महासाथीतील विषाणूचे वंशज १९५७ पर्यंत माणसांत फिरत होते आणि २००९ चा विषाणू त्यांच्याशी काही अंशी मिळताजुळता असल्यामुळे अनेक वृद्धांच्या शरीरात त्याला ओळखणारी प्रतिपिंडे आधीपासूनच होती. मुलांच्या शरीरात ती जवळजवळ नव्हतीच. त्यातच शाळेत मुले तासन्‌तास एकमेकांच्या निकट असतात, त्यामुळे लागण होण्याचे प्रमाण त्यांच्यात सर्वाधिक राहिले.

गैरसमज : मूल धडधाकट असेल तर लसीची गरज नाही

दमा, हृदयविकार, मधुमेह, मज्जासंस्थेचे विकार किंवा दुबळी प्रतिकारशक्ती असलेल्या मुलांना फ्लूचा धोका अधिक असतो, यात शंका नाही. परंतु अमेरिकेत या साथीत दगावलेल्या आणि प्रयोगशाळेत निदान निश्चित झालेल्या मुलांची माहिती तपासली असता, त्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुलांना आधीपासून असा कोणताही आजार नव्हता. फ्लूमुळे श्वसनमार्गाच्या आतील अस्तराला इजा होते आणि तेथे जिवाणूंना शिरकाव करणे सोपे जाते. त्यातून होणारा न्यूमोनिया धडधाकट मुलालाही थोड्या दिवसांत अत्यवस्थ करू शकतो. एकट्या मुलाच्या बाबतीत हा धोका लहानच असतो, मात्र तो कोणत्या मुलाच्या वाट्याला येईल हे आधी ओळखण्याचे साधन कोणाही पालकाकडे किंवा डॉक्टरांकडे नसते.

गैरसमज : लस घाईघाईत तयार केली, त्यामुळे ती अपुरी तपासलेली होती

हा आक्षेप समजण्यासारखा आहे, कारण विषाणू एप्रिलमध्ये सापडला आणि अमेरिकेत लसींना १५ सप्टेंबर २००९ रोजी मान्यताही मिळाली. हा वेग शक्य झाला तो नवी पद्धत न वापरल्यामुळे. फ्लूचा विषाणू सतत बदलत असतो, म्हणून हंगामी लसीतील विषाणूंचा दरवर्षी आढावा घेऊन गरजेनुसार ते बदलले जातात आणि ही व्यवस्था अनेक दशकांपासून चालू आहे. निवडलेला विषाणू कोंबडीच्या फलित अंड्यांत सोडला जातो, तेथे दोन-तीन दिवस वाढू दिला जातो, अंड्यातील द्रवातून तो वेगळा काढला जातो, रसायनांनी मारला जातो आणि शेवटी शुद्ध केला जातो. २००९ मध्ये याच अंड्यांत, याच कारखान्यांत, याच चाचण्यांखाली फक्त नवा विषाणू वापरला गेला. शिवाय मुलांवर स्वतंत्र चाचण्याही झाल्या. त्यांतून असे दिसून आले की दहा वर्षांवरील मुलांना एक मात्रा पुरते, परंतु त्याहून लहान मुलांच्या प्रतिकारयंत्रणेला या विषाणूची ओळखच नसल्याने त्यांना काही आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात.

त्या वर्षीची खरी अडचण लस फार लवकर आल्याची नव्हती, उशिरा आल्याची होती. विषाणू अंड्यांत अपेक्षेपेक्षा मंद गतीने वाढला आणि अमेरिकेत शरद ऋतूतील लाट शिखरावर पोहोचली तेव्हा पुरेशा मात्रा उपलब्ध नव्हत्या. भारतात तयार झालेल्या लसी तर २०१० च्या जून-जुलैत बाजारात आल्या. त्यांत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची नाकात फवारण्याची 'नेझोव्हॅक' ही लसही होती. पुण्यातील पहिल्या मृत्यूला तोवर जवळपास वर्ष होत आले होते.

गैरसमज : लसीमुळेच फ्लू होतो

टोचून देण्याच्या फ्लू-लसीत मारलेला विषाणू किंवा त्याचे तुकडे असतात आणि त्यांची वाढ होऊच शकत नाही, त्यामुळे त्यातून फ्लू होणे अशक्य आहे. लस घेतल्यावर एक-दोन दिवस दंड दुखतो किंवा बारीक ताप येतो, तो प्रतिकारयंत्रणा कामाला लागल्याचा परिणाम असतो. नाकातील लसीत जिवंत पण दुर्बल केलेला विषाणू असतो. तो नाकाच्या थंड वातावरणात वाढतो आणि फुप्फुसांच्या उष्णतेत तग धरत नाही. तरीही दोन वर्षांखालील बाळांना आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या मुलांना ती देत नाहीत. लसीचे संरक्षण मिळायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि त्या काळात लागण झाली, तर तिचे खापर लसीवर फुटते.

गैरसमज : लसीतील पाऱ्यामुळे ऑटिझम होतो

एकाच कुपीतून अनेकांना लस द्यायची असेल तेव्हा जंतुसंसर्ग टाळण्यासाठी तिच्यात थायोमर्सल हे संरक्षक द्रव्य घातले जाते. त्यातून शरीरात इथिल पारा तयार होतो, जो दूषित माशांतून पोटात जाणाऱ्या मिथिल पाऱ्यापेक्षा वेगळा असून रक्तातून बराच लवकर बाहेर टाकला जातो. डेन्मार्कने मुलांच्या लसींतून थायोमर्सल १९९२ मध्येच काढून टाकले, तरीही तेथे ऑटिझमच्या निदानाचे प्रमाण पुढे वाढतच राहिले. द्रव्य कारणीभूत असते तर ते घटायला हवे होते. अन्य अनेक मोठ्या अभ्यासांतही दोहोंचा संबंध आढळलेला नाही. ज्या पालकांना तरीही शंका वाटते, त्यांच्यासाठी एकमात्रेच्या कुप्यांतील थायोमर्सलविरहित लस उपलब्ध असते.

गैरसमज : फ्लूच्या लसीने पूर्वी गंभीर आजार झाले, म्हणून कोणतीही नवी फ्लू-लस असुरक्षितच

या समजुतीत सत्याचा अंश आहे आणि म्हणूनच तिला सविस्तर उत्तर दिले पाहिजे. फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यू जर्सीतील फोर्ट डिक्स या लष्करी तळावर डुकरांतील फ्लूची लागण आढळली आणि महासाथीच्या भीतीने अमेरिकी सरकारने सर्व नागरिकांच्या लसीकरणाची मोहीम हाती घेतली. सुमारे साडेचार कोटी लोकांनी लस घेतली, साथ मात्र आलीच नाही. लस घेतलेल्यांत गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण मात्र वाढले. या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते आणि हातपाय लुळे पडतात. बहुतेक रुग्ण कालांतराने बरे होतात, पण काही दगावतात. एक लाख लोकांमागे साधारण एक जादा रुग्ण असे हे प्रमाण होते आणि ते लक्षात येताच डिसेंबर १९७६ मध्ये मोहीम थांबवण्यात आली. २००९ मध्ये या विकारावर पहिल्या दिवसापासून पाळत ठेवली गेली. तेव्हा दहा लाख लोकांमागे एक ते तीन जादा रुग्ण आढळले. हाच विकार फ्लूच्या लागणीनंतरही होतो, आणि त्याची शक्यता लसीनंतरच्या शक्यतेपेक्षा अधिक असते.

दुसरी घटना मुलांशी थेट संबंधित आहे. २००९-१० मध्ये युरोपात तीन कोटींहून अधिक लोकांना 'पँडेम्रिक्स' ही लस देण्यात आली. तिच्यात एएस०३ नावाचे सहायक द्रव्य होते. सहायक द्रव्य म्हणजे थोड्या लसीतून जोरदार प्रतिसाद मिळावा म्हणून मिसळलेला घटक. ऑगस्ट २०१० मध्ये फिनलंड आणि स्वीडन येथील डॉक्टरांना लस घेतलेल्या मुलांत आणि किशोरांत नार्कोलेप्सीचे रुग्ण आढळू लागले. या आजारात मेंदूतील जागेपण टिकवणाऱ्या पेशी नष्ट होतात, दिवसा अनावर झोप येते आणि तो आयुष्यभर साथ सोडत नाही. फिनलंडमध्ये ४ ते १९ वर्षे वयाच्या लसीकृतांत साधारण १६ हजारांमागे एक, असे हे प्रमाण निघाले. विशिष्ट आनुवंशिक ठेवण असलेल्या मुलांनाच तो प्रामुख्याने झाला. २०११ मध्ये युरोपीय औषध नियामकांनी वीस वर्षांखालील व्यक्तींसाठी या लसीवर निर्बंध घातले.

ही हानी खरी होती आणि तिची झळ बसलेल्या कुटुंबांपुढे आकडेवारीचे समर्थन अपुरे पडते. परंतु तिच्यावरून सर्व फ्लू-लसींविषयी निष्कर्ष काढता येत नाही. अमेरिकेत त्याच साथीत सुमारे आठ कोटी लोकांना सहायक द्रव्य नसलेल्या लसी देण्यात आल्या आणि तेथे नार्कोलेप्सीत अशी वाढ दिसली नाही. म्हणून 'फ्लूची लस सुरक्षित आहे का' हा प्रश्न अपुरा ठरतो. 'ही विशिष्ट लस, या वयाच्या मुलांसाठी, किती सुरक्षित ठरली आहे' असा तो विचारावा लागतो.

गैरसमज : लस घेऊनही फ्लू होतो, मग उपयोग काय

फ्लूची लस गोवराच्या लसीइतकी परिणामकारक नाही, हे मान्य केलेच पाहिजे. लसीतील आणि साथीतील विषाणू जुळलेल्या वर्षी डॉक्टरांकडे जावे लागण्याचा धोका ती साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. तथापि लसीची खरी किंमत आजाराची तीव्रता रोखण्यात आहे. अमेरिकेतील २०१० ते २०१४ या काळातील मृत्यूंच्या अभ्यासानुसार, लसीमुळे फ्लूने मृत्यू येण्याचा धोका निरोगी मुलांत सुमारे ६५ टक्क्यांनी आणि आधीचे आजार असलेल्या मुलांत सुमारे ५१ टक्क्यांनी घटला होता.

गैरसमज : आजार झाला तर औषध आहेच, आणि नैसर्गिक लागणच बरी

ओसेल्टामिविर, म्हणजे बाजारात 'टॅमिफ्लू' या नावाने प्रसिद्ध असलेले औषध, लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत घेतले तर सर्वाधिक उपयोगी पडते. साथीच्या गर्दीत ही मुदत सहज निघून जाते. लागणीतून प्रतिकारशक्ती मिळते हे खरे, पण ती मिळवण्यासाठी मुलाला त्याच धोक्यातून जावे लागते, जो टाळण्यासाठी हा सगळा विचार चालला आहे.

निर्णय घेताना

२००९ चा विषाणू नाहीसा झालेला नाही. तो हंगामी फ्लू म्हणून स्थिरावला आणि २०१५ मध्ये भारतात पुन्हा सुमारे ४२ हजार रुग्ण आणि तीन हजारांच्या आसपास मृत्यू नोंदले गेले; २०१० पासून हंगामी लसीत एच१एन१चा हा वंश समाविष्ट असतो. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात फ्लूची लस नाही, त्यामुळे येथे निर्णयाचा भार पालकांवरच येतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना दरवर्षी ही लस देण्याची शिफारस करते. पहिल्यांदा घेताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात आणि महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात डोके वर काढत असल्यामुळे लस त्यापूर्वी घेतलेली बरी. सहा महिन्यांखालील बाळांना लस देता येत नाही. त्यांचे रक्षण आईने गरोदरपणी आणि घरातील इतरांनी वेळेवर लस घेतल्यानेच होते.

पुढचा नवा फ्लू येईल तेव्हा पालकांनी डॉक्टरांना चार गोष्टी नेमक्या विचाराव्यात : या वयाच्या मुलांत आजाराची तीव्रता किती आहे, लस कोणत्या प्रकारची आहे आणि तिच्यात सहायक द्रव्य आहे का, या वयोगटावर तिची चाचणी झाली आहे का, आणि आपल्या मुलाला आधीच्या एखाद्या मात्रेनंतर तीव्र ॲलर्जी झाली असल्यास काय करावे. असे विचारणे म्हणजे लसीला विरोध करणे नव्हे, आणि डॉक्टरांनी ते तसे मानूही नये. फोर्ट डिक्सनंतर आणि नार्कोलेप्सीनंतर लसींवरील देखरेख अधिक कडक झाली, ती दुष्परिणाम उघडपणे नोंदवले आणि मान्य केले गेले म्हणूनच. पालकांना हवी असलेली खात्री शून्य धोक्याच्या आश्वासनातून कधीच मिळणार नाही. लसीचा धोका आणि आजाराचा धोका हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडले जातील तेव्हाच ती मिळेल, आणि आजवर ज्या फ्लू-लसी मुलांवर नीट तपासल्या गेल्या, त्यांच्या बाबतीत हा हिशेब स्पष्टपणे लसीच्या बाजूने लागलेला आहे.