मदतीची फाइल उघडत नाही तेव्हा

ईद तोंडावर आली होती. आमची भाची घरीच भरतकामाच्या मशीनसाठी कॉम्प्युटरवर डिझाइन बनवते. त्या दिवसांत तिला कामातून डोकं वर काढायला फुरसत नसते. नव्या सॉफ्टवेअरमध्ये टाक्यांची दिशा कशी बदलायची ते तिला कळेना, म्हणून विक्रेत्याने ई-मेलवर माहितीची फाइल पाठवली. ती उघडली तर डावीकडे धड्यांची यादी दिसत होती, उजवीकडचं पान मात्र कोरं. त्यावर इंग्रजीत एकच ओळ: 'नेव्हिगेशन टू द वेबपेज वॉज कॅन्सल्ड'.

दुरुस्तीच्या दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "विंडोज बिघडलंय, फॉरमॅट करावं लागेल." भाची रडवेली होऊन आमच्याकडे आली. "खालाजान, तीन वर्षांची डिझाइनं आहेत त्यात. दुसरीकडे कुठेच ठेवलेली नाहीत."

आम्ही तिला म्हटलं, आधी बस, पाणी पी. मग दोघींनी मिळून शोध घेतला. कॉम्प्युटर अगदी ठणठणीत होता.

बिघाड नव्हे, पहारा

नावाच्या शेवटी 'सीएचएम' असलेल्या फाइली म्हणजे मदतीची पुस्तकं. मायक्रोसॉफ्टने हा प्रकार 1997 साली आणला. आत वेबसारखीच पानं असतात आणि त्यांतून कॉम्प्युटरला हुकूमही देता येतात. याच वाटेने घातक प्रोग्रॅम घुसवले जाऊ लागले. म्हणून इंटरनेटवरून किंवा ई-मेलने आलेल्या फाइलवर विंडोज 'ही बाहेरून आली आहे' अशी खूण करून ठेवतं. खूण असेल तर यादी दिसते, पानं दिसत नाहीत.

कुलूप असं काढा

फाइल आधी आपल्या कॉम्प्युटरवर सेव्ह करा. तिच्यावर माउसचं उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडा. 'जनरल' या भागात अगदी खाली 'अनब्लॉक' असा शब्द दिसेल. तिथे खूण करा, 'ओके' दाबा आणि फाइल पुन्हा उघडा. फाइल झिपमधून आली असेल, तर आधी झिपलाच अनब्लॉक करा, मग आतल्या फाइली बाहेर काढा.

'अनब्लॉक' दिसतच नसेल, तर कारण वेगळं असू शकतं.

* फाइल ऑफिसच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर असून नेटवर्कवरून उघडत असाल, तर पानं दिसत नाहीत. 2005 पासून विंडोजने ही वाट बंद केली आहे. फाइल आपल्या डिस्कवर कॉपी करून घ्या.
* फोल्डरच्या किंवा फाइलच्या नावात # हे चिन्ह असेल, तर पान सापडत नाही. नाव बदला.
* नावाच्या शेवटी 'एचएलपी' असेल, तर ती त्याहून जुन्या पद्धतीची फाइल. ती उघडणारा प्रोग्रॅम व्हिस्टापासून विंडोजसोबत येत नाही आणि विंडोज 10 साठी तो दिलेलाच नाही. अशा वेळी कंपनीकडे पीडीएफ मागावी.

पण आधी विचारा

कुलूप काढणं दोन मिनिटांचं काम आहे, म्हणूनच जपून करावं. दारावर अनोळखी माणूस आला तर आपण आधी नाव-गाव विचारतो. इथेही तसंच. भाचीला आम्ही आधी विक्रेत्याला फोन करायला लावला. "ही फाइल तुम्हीच पाठवलीत ना?" त्याने हो म्हटल्यावरच 'अनब्लॉक' केलं. पाठवणारा ओळखीचा नसेल किंवा न मागता फाइल आली असेल, तर ती उघडू नका, सरळ काढून टाका.

पानं उघडली, टाक्यांची दिशा बदलली आणि ऑर्डर वेळेत गेली. तरी त्या रात्री आम्ही भाचीला आणखी एक काम लावलं. सगळी डिझाइनं पेन ड्राइव्हवर उतरवून तो कपाटात ठेवायला सांगितला. कोणी "फॉरमॅट करावं लागेल" म्हटलं, तर दोन प्रश्न जरूर विचारा: नेमकं काय बिघडलंय? आणि माझ्या कामाची प्रत कुठे आहे? ही उत्तरं मिळेपर्यंत कॉम्प्युटर कुणाच्या हाती देऊ नका.