मशीन बिघडलं नव्हतं, पाणी जड होतं

आजचा विषय घरातल्या धुण्याचा आहे, पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

लग्न होऊन नागपूरहून रायपूरला आले, आणि काही वर्षांनी आम्ही नव्या घरात राहायला गेलो. तिथे बोअरचं पाणी. दोन-तीन महिन्यांतच टॉवेल पापडासारखे कडक व्हायला लागले. काळ्या कपड्यांवर पांढरट रेघा दिसायच्या. आमच्याकडे धुणं बघणाऱ्या बाईंना मी म्हटलं, "तुम्ही पावडर फार टाकता, ती निघत नाही." त्या म्हणाल्या, दोष पाण्याचा आहे, या पाण्यात साबण चालतच नाही. मी ऐकलं नाही. पावडर निम्मी करायला लावली. कपडे आणखीच मळकट दिसू लागले, आणि त्याचंही खापर मी त्यांच्यावरच फोडलं.

मग एक दिवस मशीनचं पाणी तापेना. मेकॅनिकने मागचं झाकण उघडून हीटरची कॉइल बाहेर काढली. तिच्यावर बोटाच्या नखाने निघणार नाही असा पांढरा, खरबरीत थर होता. बाई शेजारीच उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, पण मला जे कळायचं ते कळलं.

तर हा थर येतो कुठून? शाळेत आपण दोन शब्द शिकलो होतो, सुफेन पाणी आणि दुष्फेन पाणी. घरात आपण दुष्फेन पाण्याला जड पाणी म्हणतो. ज्यात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ शिजता शिजत नाही, ते जड पाणी. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात.

रायपूरचं शहर चुनखडकावर बसलेलं आहे. भूशास्त्रज्ञ या खडकाला चंडी चुनखडक म्हणतात. शंभर कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी हा खडक तयार झाला. तिल्दा, बलौदा बाजार या बाजूला सिमेंटचे कारखाने उभे राहिले ते याच चुनखडीमुळे. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि खडकातून जाताना थोडा चुना विरघळवून बरोबर नेतं. तेच पाणी बोअरमधून आपल्या टाकीत येतं. खारून नदीवरून येणारं नळाचं पाणी सहसा यापेक्षा हलकं असतं. म्हणून एकाच गल्लीत, नळाच्या घरी कपडे मऊ आणि बोअरच्या घरी कडक, असं होऊ शकतं. चंद्रपूर, यवतमाळकडच्या चुनखडीच्या भागात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता हे पाणी तापवलं की काय होतं ते पाहा. विरघळलेला चुना पाण्यात टिकतो तो त्या कार्बन डायऑक्साइडच्या जोरावर. पाणी तापलं की वायू उडून जातो आणि चुना घट्ट होऊन खाली बसतो. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, चुन्याचं उलटं आहे. आणि मशीनमध्ये सर्वांत गरम जागा कोणती? हीटरची कॉइल. म्हणून पहिला थर तिच्यावर. थर बसला की उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही, कॉइल आतल्या आत जास्त तापते आणि एक दिवस जाते.

"आमचं टॉप लोड आहे, त्यात हीटरच नाही," असं काही जण म्हणतील. कॉइल वाचली, पण कपडे वाचले नाहीत. साध्या पावडरीत धुण्याचा सोडा भरपूर असतो. तो थंड पाण्यातलाही चुना बाहेर काढतो आणि त्याची बारीक भुकटी कपड्यांच्या धाग्यांत अडकते. टॉवेल कडक होतो तो यामुळे. शिवाय पावडरीचा काही भाग आधी चुन्याशी झुंजण्यात खर्च होतो, उरलेला मळ काढतो. म्हणजे मी पावडर निम्मी केली तेव्हा मळ काढायला जवळजवळ काही उरतच नव्हतं.

थोडा हिशेब करू. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. समजा तुमचं पाणी ४०० चं आहे आणि एका धुण्याला ५० लिटर पाणी लागतं. म्हणजे दर धुण्याला २० ग्रॅम क्षार मशीनमधून जातात. वर्षात ३०० धुणी धरली तर ६ किलो. बहुतेक सगळे पाण्याबरोबर वाहून जातात, पण मागे राहिलेला थोडासा भागही पुरेसा असतो.

मग करायचं काय?

पहिलं, पाणी तपासा. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत आरओचं पाणी, दुसरीत बोअरचं. दोन्हींत आंघोळीच्या साबणाचा सारखाच कीस टाकून हलवा. एकीत फेस आणि दुसरीत दह्यासारखा चोथा दिसला तर उत्तर मिळालं. आकडा हवा असेल तर जडपणा तपासायचं किट मिळतं. पण विक्रेता टीडीएस मीटर बुडवून "पाणी जड आहे" म्हणाला तर लगेच मान डोलावू नका. ते मीटर सगळेच क्षार एकत्र मोजतं. त्यात चुना किती, मीठ किती, हे त्याला कळत नाही.

दुसरं, रोजचं धुणं ३० ते ४० अंशांवर करा. ६० अंश चादरी, बाळाचे कपडे, आजारी माणसाचे कपडे यांच्यासाठी ठेवा. जड पाण्यासाठी पाकिटावर जे माप दिलं असेल तेवढी पावडर टाका. लिक्विडमध्ये सहसा सोडा कमी असतो, त्यामुळे भुकटी कमी बसते.

तिसरं, दोन-तीन महिन्यांतून एकदा सायट्रिक अ‍ॅसिड. किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं. शहाबादी फरशीवर लिंबू सांडलं की पांढरा डाग पडतो ना? फरशी चुनखडीचीच असते, लिंबू तिला खातं. मशीनमध्ये हेच काम करून घ्यायचं. आधी मशीनची पुस्तिका बघा. हरकत नसेल तर रिकाम्या ड्रममध्ये १०० ग्रॅम टाकून ६० अंशांवर एक फेरी, मग साध्या पाण्याची एक फेरी. १०० ग्रॅम अ‍ॅसिड कागदावर फार तर ७० ग्रॅम थर काढतं, त्यामुळे वर्षानुवर्षांचा थर एका फेरीत जाणार नाही. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, त्यात ब्लीच कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू तयार होतो. व्हिनेगर वारंवार वापरलं तर दाराचं रबर खराब होऊ शकतं.

चौथं, पाणी आत येतं त्या पाइपची जाळी अधूनमधून काढून धुवा. मशीन हळू भरत असेल तर आधी तीच बघा.

पाचवं, आरओचं वाया जाणारं पाणी मशीनला लावू नका. बचतीचा हेतू चांगला आहे, पण आरओने गाळलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. ते फरशी पुसायला, संडासात वापरा. उलट पावसाळ्यात गच्चीवरचं स्वच्छ पाणी साठवता आलं तर धुण्याला त्यासारखं पाणी नाही.

पाणी फारच जड असेल तर सॉफ्टनर. त्यात रेझिनचे बारीक मणी असतात. ते कॅल्शियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवून पुन्हा तयार करायचे. मीठ टाकायला विसरलात तर नुसती टाकी उरते. सॉफ्टनर लावल्यावर टीडीएस उतरत नाही, म्हणून फसवलं असं समजू नका. नळाला लावायच्या छोट्या फॉस्फेटच्या फिल्टरने जडपणा कमी होत नाही, तो फक्त चुना थराच्या रूपात बसण्याला अडवतो.

मी नवी कॉइल बसवली. पावडरीचं माप पुन्हा बाईंच्या हाती दिलं आणि चूक माझी होती हे त्यांना सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, त्यांच्या गावच्या विहिरीचंही पाणी असंच आहे, लहानपणी पावसाचं पाणी धरून लुगडी धुवायचे. रसायनशास्त्र मी पुस्तकातून वाचलं, त्यांना ते हातांना ठाऊक होतं. तेव्हा तुमच्याही घरी कपडे कडक होत असतील तर कोणाला बोलण्याआधी दोन बाटल्या भरून बघा.