वजावटीचा खटका

लॉक-इन अॅम्प्लिफायरच्या दर्शनी पट्टीवरील 'ऑफसेट' व 'एक्स्पान्ड' या दोन खटक्यांनी माझ्या मनाचा एक कोपरा कित्येक वर्षे अडवून ठेवला आहे. गोंगाटातून एकाच वारंवारतेचा आणि एकाच कलेचा संकेत वेचणाऱ्या या यंत्राची मूळ करामत वाचकांना परिचित आहेच. मला ओढ लागली ती तिच्यानंतरच्या जमाखर्चाची.

संवेदनक्षमता १ मिलिव्होल्टवर लावली आहे, संकेत ०.९५ मिलिव्होल्टचा आहे आणि आपल्याला पाहावयाचा आहे तो त्यातील अवघा ५ मायक्रोव्होल्टचा फेरफार, असे समजू. पूर्ण मापास १० व्होल्ट या हिशेबाने यंत्र ९.५ व्होल्ट बाहेर देते, आणि फेरफाराच्या वाट्यास जेमतेम ५० मिलिव्होल्ट येतात. अशा वेळी ऑफसेटने ९५ टक्क्यांची वजावट करून एक्स्पान्डने बाकी शंभरपट वाढविली, की तोच फेरफार ५ व्होल्टचा होऊन आलेखाच्या कागदावर ठसठशीत उमटतो. स्टॅनफर्ड रिसर्चच्या एसआर८३० या यंत्रात ही वजावट पूर्ण मापाच्या १०५ टक्क्यांपर्यंत, धन वा ऋण, करता येते, आणि वाढ दहापट किंवा शंभरपट. मात्र वजावटीची नोंद व्होल्टांत नसून टक्क्यांत असते, हे मला एका रात्री चांगलेच उमगले: मी संवेदनक्षमता २ मिलिव्होल्टवर नेताच संकेत ४७.५ टक्क्यांवर उतरला, वजावट ९५ वरच राहिली, आणि शंभरपट झालेल्या ऋण बाकीने यंत्राची मर्यादा ओलांडली.

याहून गंभीर गोष्ट मला पुढे उमगली. ही वजावट वर्धनानंतर होते. म्हणून वर्धनांक हजारात एकाने ढळला, तर तो ढळ लहानग्या बाकीला नव्हे, सबंध ०.९५ मिलिव्होल्टला लागतो, आणि बाहेर ०.९५ व्होल्टचा, म्हणजे खऱ्या फेरफाराच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याचा, खोटा फेरफार दाखल होतो. वजावट करावयाची तर ती वर्धनापूर्वी करावी, हे माझे ठाम मत तेव्हापासूनचे. आणि त्याचा आधार शोधता शोधता मी जुन्या दप्तरात शिरलो.

या यंत्राचे जनकत्व सर्वत्र प्रिन्स्टनच्या रॉबर्ट डिकी यांच्या नावावर जमा आहे, आणि ते बाजारात आणणाऱ्या प्रिन्स्टन अप्लाइड रिसर्च या कंपनीचे एक संस्थापकही तेच. परंतु खगोलशास्त्रज्ञ मार्टिन हार्विट यांना दिलेल्या मुलाखतीत खुद्द डिकींनीच हा मान नाकारला आहे: ब्रिन मॉर या महिला महाविद्यालयातील प्राध्यापक वॉल्टर मिशेल्स यांच्या लेखनात आपण ही युक्ती वाचली असावी, असा हवाला ते देतात. कीर्ती आयती पदरात पडत असता ती दुसऱ्याच्या खाती वर्ग करणारी ही जबानी वाचून मला फार आनंद झाला. तो लेख मिशेल्स व कर्टिस यांचा १९४१ चा असावा, असे मानले जाते. त्यात पुन्हा सी. आर. कोसेन्स यांच्या १९३४ च्या लेखाचा उल्लेख आहे, आणि त्या लेखाचा विषय आहे प्रत्यावर्ती प्रवाहाच्या सेतूचा समतोल ओळखणारे साधन! सेतूमध्ये वजावट वर्धकाच्या आधीच झालेली असते. उरते ती केवळ असमतोलाची ठिणगी, आणि वर्धक ढळला तरी शून्य शून्यच राहते.

डिकींनी युद्धकाळात एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत रचलेल्या सूक्ष्मतरंग-मापकाचे, १९४६ साली प्रसिद्ध झालेले, तत्त्व हेच होते: अँटेना आणि ज्ञात तापमानाचा शोषक यांच्यात सेकंदाला ३० वेळा अदलाबदल करावयाची, आणि मोजावयाचे ते दोहोंतील अंतर. पण शोषक खोलीइतका उबदार आणि आकाश थंडगार असेल, तर तेच अंतर शेकडो अंशांचे होते आणि वर्धकाचा ढळ त्या सबंध अंतराला लागतो. रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ पेन्झियास व विल्सन यांनी म्हणूनच द्रवरूप हेलियममध्ये थंड केलेला शोषक जोडून आकाशाशी त्याची तुलना केली, आणि १९६५ साली ६.७ केल्विनच्या नोंदीतून वातावरणाचे २.३ व अँटेनाच्या स्वतःच्या वाट्याचे सुमारे ०.९ वजा घालून ३.५ केल्विनची बाकी, म्हणजेच विश्वाचे पार्श्वप्रारण, काढली.