किल्लारीची कालरेषा कुठून सुरू करायची?

घटना कोणत्या क्रमाने घडल्या हे साध्या यादीतूनही कळते. दोन घटनांमध्ये किती काळ गेला, हे मात्र कालरेषेवरच डोळ्यांना दिसते. इंग्लंडमधील जोसेफ प्रीस्टली यांनी १७६५ मध्ये सुमारे दोन हजार नामवंतांची आयुष्ये आडव्या रेघांनी दाखवली. जितके आयुष्य, तितकी रेघ. जन्म-मृत्यूचे साल नक्की नसेल तिथे त्यांनी टिंबे दिली. चांगल्या कालरेषेचा पाया आजही हाच आहे: समान काळाला समान अंतर, आणि जे अनिश्चित ते तसेच दाखवणे.

आकडे हाताशी असले, तरी रेषा कुठून सुरू करायची हे ठरवावेच लागते, आणि सगळी गोष्ट त्यावर बदलते. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावे झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे दगावली. रेषा त्या पहाटेपासून आखली, तर भूकंप अचानक कोसळलेले संकट दिसतो. तीच ऑगस्ट १९९२ पासून आखली, की वर्षभर आधी त्याच परिसरात जाणवलेले धक्के समोर येतात. त्यांतला एक मोठा धक्का १८ ऑक्टोबर १९९२ चा. एवढी माणसे का गेली, याचे उत्तर मात्र कोणत्याच तारखेत नाही. ते दगड-मातीच्या जाड भिंतींच्या आणि वर मातीचा भार असलेल्या माळवदाच्या घरांत आहे. ही घरे पिढ्यान्‌पिढ्या बांधली गेली. त्यांच्यासाठी ठिपका चालत नाही. रेषेखाली सलग पट्टा काढावा लागतो आणि तो त्या पहाटेपर्यंत आणावा लागतो.

पुढची अडचण मोजपट्टीची. हादरे काही सेकंदांचे, पुनर्वसन काही वर्षांचे. एका महिन्याला एक सेंटिमीटर दिला, तर भूकंपाचा अख्खा दिवस मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्यात संपतो. तासाला सेंटिमीटर दिला, तर ५२ गावे नव्या जागी वसण्याची कहाणी कागदाबाहेर जाते. यावर उपाय म्हणजे दोन पट्ट्या: वर तासांची, खाली वर्षांची, आणि वरची पट्टी खालच्या कोणत्या बिंदूतून उघडली आहे हे दाखवणाऱ्या दोन रेघा. मोजपट्टी गुपचूप बदलणे ही वाचकाची फसवणूक आहे.

लातूरच्या पाणीटंचाईला वेगळी आखणी लागते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली पाणी-रेल्वे लातूरला पोहोचली; दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. हे चित्र देशभर गाजले, पण एकटा हा ठिपका कारण सांगत नाही. त्याच्या डावीकडे २०१४ आणि २०१५ चे पावसाळे हवेत. दोन्हींत मराठवाड्यात सरासरीपेक्षा सुमारे ४० टक्के कमी पाऊस झाला. पावसाचे स्तंभ, मांजरा धरणातला साठा आणि घटना अशा तीन पट्ट्या एकाच काळ-अक्षावर ठेवल्या, की मार्च २०१६ मध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी का लागली, हे वेगळे लिहावे लागत नाही. उजवीकडे त्याच वर्षीचा सप्टेंबरअखेरचा मुसळधार पाऊसही यायलाच हवा. तो वगळला, तर लातूर कायमचे कोरडे असल्याचा समज होतो.

जुन्या काळात शिरताना जिल्ह्यांच्या सीमा तपासाव्या लागतात. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला. त्याआधीची आकडेवारी उस्मानाबादच्या नावावर आहे, म्हणून १९८२ ला रेघ तोडून तिथे तशी टीप द्यावी. सलग ओढलेली रेघ खोटी ठरते.

नांदेडच्या कालरेषेत सनांचा प्रश्न येतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि महसुली दप्तरात फसली सन चाले. फसली आणि इसवी सनांत सुमारे ५९० वर्षांचा फरक आहे, शिवाय फसली वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. त्यामुळे कागदावर नुसते फसली साल असेल, तर ती नोंद इसवी सनाच्या दोन वर्षांवर पसरते. अशी नोंद ठिपक्याने न दाखवता वर्षभर लांबीच्या फिकट पट्टीने दाखवावी आणि शेजारी मूळ फसली साल लिहावे, म्हणजे दप्तराशी ताळा करता येतो.