गेटमन गेला, हात मागे ठेवून गेला

वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडमध्ये मराठी माणूस शोधायला फार हिंडावं लागत नाही. मायक्रोसॉफ्टचं मुख्यालय इथंच आहे. पण भर गावातून सायकल हाकत ऑफिसला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं, की आपण चक्क रेल्वेलाईनवरून चाललोय? थॉमस बर्क आणि डॅनियल गिलमन यांनी १८८५ मध्ये ‘सिएटल, लेक शोअर अँड ईस्टर्न’ नावाची रेल्वे कंपनी काढली. तिचे रूळ त्या दशकाच्या अखेरीस रेडमंडला टेकले आणि इथलं लाकूड बाहेर जायला लागलं. पुढे लाईन नॉर्दर्न पॅसिफिककडे गेली, १९७० नंतर बर्लिंग्टन नॉर्दर्नकडे. गाड्या आटल्या. २०१० मध्ये पालिकेनं ती जमीन पोर्ट ऑफ सिएटलकडून विकत घेतली आणि २०१३ मध्ये तिथं ‘रेडमंड सेंट्रल कनेक्टर’ या पायवाटेचा पहिला टप्पा खुला झाला.

जिथं रस्ता रूळ ओलांडतो, तिथं फाटक आलं. आणि अमेरिकी फाटकाची कुंडली मांडली तर एक गंमत दिसते. यंत्रं बदलत गेली, पण प्रत्येक नव्या यंत्रानं आधीच्याची नक्कल केली. सगळ्यात आधी होता माणूस, म्हणून शेवटपर्यंत नक्कल माणसाचीच.

कंदील, लंबक, दिवे

सुरुवातीला नाक्यावर गेटमन उभा असे. दिवसा झेंडा, रात्री कंदील. गाडी आली की कंदील डावी-उजवीकडे झुलवायचा. मग १९०९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात पॅसिफिक इलेक्ट्रिक कंपनीच्या अल्बर्ट हंट या इंजिनिअरनं ‘विगवॅग’ बनवला. खांबाला लटकणारी गोल तबकडी, तिच्या मधोमध लाल दिवा. दोन विद्युतचुंबक आलटून पालटून ओढत आणि तबकडी लंबकासारखी झुले, सोबत घंटा. गेटमनचा हात, फक्त पगार न मागणारा. काही नमुन्यांत तर वीज गेली की ‘नादुरुस्त’ अशी पाटी आपोआप पुढे येई. इतका प्रामाणिकपणा आपल्या लिफ्टनाही जमत नाही.

१९१३ मध्ये न्यू जर्सीतल्या वुडब्रिजमध्ये दोन लाल दिवे आडवे बसवले गेले. एक लागला की दुसरा विझतो. दोनच का, आणि आलटून पालटून का? कारण लांबून पाहिलं की कंदील झुलल्यासारखाच वाटतो! गेटमन गेला, विगवॅगही पुढे मोडीत निघाला आणि आज पुराण्या वस्तूंच्या शौकिनांच्या अंगणात जाऊन बसला. ते झुलणं मात्र राहिलं. आजच्या नियमानुसार प्रत्येक दिवा मिनिटाला ३५ ते ६५ वेळा लुकलुकतो. फाटकाच्या आडव्या दांड्यावर तीन दिवे असतील तर टोकाचा लुकलुकत नाही, स्थिर जळतो. दांडा कुठं संपतो ते अंधारात कळायला हवं ना.

घंटेचंही तेच. पूर्वी खरोखर हातोडी पितळेवर किंवा लोखंडावर आपटायची. आता बऱ्याच ठिकाणी खांबावर स्पीकर असतो, पण त्यातून आवाज येतो तो जुन्या घंटेचाच. मोबाईलला कॅमेऱ्याचा ‘खटॅक’ लावणारे लोक कुठून शिकले असतील, याचा अंदाज करा.

गाडी आली हे खांबाला सांगतं कोण?

या गोष्टीतला माझा सगळ्यात लाडका भाग हाच. १८७२ मध्ये विल्यम रॉबिन्सन यांनी ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं. रुळांतूनच बारीकसा वीजप्रवाह सोडायचा. तो पलीकडे एका रिलेला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या खटक्याला, सतत धरून ठेवतो. गाडी आली की तिची लोखंडी चाकं आणि कणा दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह आडवाटेनं निघून जातो, रिले सुटतो आणि घंटा वाजते. म्हणजे घंटा वाजवायला वीज ‘येत’ नाही, वीज ‘जाते’. बॅटरी मेली किंवा तार तुटली तरी घंटा वाजणारच. बिघाड झाला तर तो सावधपणाच्या बाजूनं व्हावा, हे तत्त्व इथं सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच ठोकून बसवलेलं आहे. दांडाही तसाच. तो वर धरून ठेवायला वीज लागते, खाली यायला स्वतःचं वजन पुरतं.

या हुशारीचा एक शत्रू आहे: गंज. ज्या रुळांवर महिनोन्‌महिने गाडी जात नाही, त्यांवर गंजाची साय धरते. मग चाकं आणि रूळ यांची विजेची गाठ नीट पडत नाही आणि गाडी समोर येऊनही खांबाला पत्ता नसतो. अशा ठिकाणी गाडी थांबवायची आणि कर्मचाऱ्यानं उतरून झेंडा दाखवायचा. पुन्हा गेटमन!

दिव्यांचं तर विचारूच नका. जुन्या दिव्यात १० व्होल्टचा, १८ किंवा २५ वॉटचा बल्ब असे. वीज गेल्यावर सगळं बॅटरीवर चालवायचं, म्हणून इतका दुबळा. तेवढा उजेड गोळा करून रस्त्याच्या नेमक्या दिशेनं फेकायला आरसा आणि भिंग लागे, आणि खांब जरा वाकला की दिवा भलतीकडेच बघू लागे. एलईडी आले आणि ही कटकट बरीच कमी झाली. भिंगही सव्वाआठ इंचांच्या आसपासचं होतं, ते १२ इंचांचं झालं.

आपल्याकडे इतका वेळ का लागतो?

अमेरिकेत पाहुणे म्हणून गेलेल्या आई-बाबांना हे फाटक अविश्वसनीय वाटतं. दिवे लागले, दांडा पडला, गाडी गेली, दांडा वर, सगळं फटाफट. नियम असा, की गाडी पोहोचण्याआधी किमान २० सेकंद इशारा सुरू व्हायला हवा. मुंबईजवळच्या दिवा स्टेशनाचं फाटक आठवतं ना? तिथं दुचाकीचं इंजिन बंद करून लोकांच्या गप्पा रंगतात.

कारण वेगळं आहे. अमेरिकेत गाडी फाटकाला विचारत नाही; ती येते आणि फाटकानं बाजू सांभाळायची. आपल्याकडच्या इंटरलॉक केलेल्या फाटकात उलटं आहे. फाटक बंद होऊन कुलूप पडल्याशिवाय गाडीला हिरवा सिग्नलच मिळत नाही. म्हणून गेटमनला खूप आधी फाटक लावावं लागतं. आणि म्हणूनच वाहनांच्या गर्दीत फाटक लागेना, की लोकल खोळंबतात. रस्त्यावरचा माणूस चिडतो आणि डब्यातलाही. मला विचाराल तर पद्धत आपली जास्त सुरक्षित, पण गाड्या आणि वाहनं दोन्ही वाढल्यावर तिचा जीव गुदमरतो. ब्रॉडगेजवरची बिनपहाऱ्याची फाटकं मात्र आपण जानेवारी २०१९ पर्यंत संपवली.

दांड्यातही फरक. आपला अख्खा रस्ता अडवतो. अमेरिकेत सहसा फक्त येणारी अर्धी बाजू अडते, कारण आत सापडलेल्या गाडीला पुढून निसटायला वाट हवी. अर्थात त्याच मोकळ्या बाजूनं नागमोडी घुसणारे महाभाग तिकडेही आहेत!

रूळ गेले, पाटी राहिली

लाईन बंद झाल्यावर फाटकाचं काय होतं? ‘रूळ सेवेत नाहीत’ अशी अधिकृत पाटीच आहे, म्हणजे बस उगीच थांबत नाहीत. अमेरिकेत स्कूलबसला रुळांपाशी थांबावंच लागतं. त्यामागे १९३८ मध्ये युटात स्कूलबस आणि मालगाडी यांच्यात झालेला भीषण अपघात आहे.

रेडमंडची लाईन तर कायद्यानं ‘मेली’च नाही. १९८३ च्या केंद्रीय तरतुदीनुसार ती ‘रेलबँक’ केली आहे. आज पायवाट, उद्या गरज पडली तर पुन्हा रेल्वे. आणि रेल्वे खरंच परतली. १० मे २०२५ ला सिएटल भागातली ‘२ लाईन’ ही लाईट रेल डाउनटाउन रेडमंडपर्यंत आली, जुन्याच पट्ट्याचा काही भाग वापरून. स्टेशन मात्र उंचावर.

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. तिकडे प्रत्येक फाटकाला सहा अंक आणि एक अक्षर असा स्वतंत्र क्रमांक असतो आणि तो निळ्या पाटीवर रेल्वेच्या फोन नंबरसह लिहिलेला असतो. गाडी रुळांवर बंद पडली आणि ट्रेन येताना दिसली तर आधी उतरा आणि पळा, फोन मग. पळायचं ते रुळांपासून लांब, पण तिरकं, ट्रेन जिकडून येतेय त्या बाजूला. उलट्या दिशेला पळालात तर धडकेनंतर उडालेले तुमच्याच गाडीचे पत्रे तुमच्या पाठीवर येतील.